आठ हजार पाचशे चोपन्न नंबरचं दार

राउटर धानाच्या ढोलीवर.
त्याच्यावर सयत्राकाकूनं पांघरलाय
जुन्या पोलक्याचा तुकडा, धूळ बसू नये म्हणून.
उलटा केला तर पोटावर लिहिलेलं :
नाव ॲडमिन, पासवर्ड ॲडमिन.
दोन वर्षांमागं फायबरवाला लावून गेला
तो पुन्हा ऐनटोलीत दिसला नाही.

काम एवढंच. मागच्या बांधावर ऐनाची बावीस झाडं,
झाडांवर कोशाच्या अळ्या, बोटाएवढ्या, हिरव्यागार,
अन् काकूला चार दिवस जायचंय ब्रह्मपुरीला,
बहिणीचं पोटाचं ऑपरेशन.
"राखन लोकचंद करन. पन मले दिसलं पाह्यजे."

म्हणून तिसऱ्या ऐनाला कॅमेरा बांधला,
नव्वद मीटर वायर कुंपणावरून आणली.
लाइट गेली-आली की कॅमेऱ्याचा नंबर बदलायचा,
आधी त्याला एका नंबरावर कायमचा बसवला : पन्नास.
मग राउटरला समजावलं,
बाहेरून कोणी आठ हजार पाचशे चोपन्न नंबरच्या दारी आलं
तर विचारपूस करू नको, सरळ पन्नासकडे ने.

काकू चहा घेऊन मागं उभी.
"किती दारं असतात बापू याले?"
पासष्ट हजार पाचशे पस्तीस.
ती हसली तर बशीत चहा सांडला.
"माह्या घराले दोन. मागचं लागतच नाही."

तरी बाहेरून काही येईना.
मी माझ्या मोबाइलचा डेटा चालू करून
बांधावर, विहिरीजवळ, शेवटी रस्त्यावर जाऊन पाहिलं.
गोल फिरत राहिलं नुसतं.
परत येऊन पाहतो तर राउटरचा बाहेरचा पत्ता
शंभरापासून सुरू होणारा,
म्हणजे आपला नाहीच. कंपनीनं एकाच पत्त्यावर
शेकडो घरं कोंबलेली,
पोस्टमननं साऱ्या टोलीची पत्रं
किराणा दुकानात टाकून जावं, तशी.
आपण दार उघडून बसलो होतो, पण गल्लीच दुसऱ्याची.

कस्टमर केअरची पोरगी गोड बोलली.
वेगळा पत्ता मिळेल, महिन्याचे वेगळे पैसे.
काकूनं कनवटीचं पाकीट काढून
माझ्याकडे नाही, राउटरकडे पाहिलं.
"दे म्हना."

दोन दिवसांनी पत्ता आला, अन् चित्र आलं :
एक फांदी, सात अळ्या, वाऱ्यानं हलणारं ऊन.
अन् अकरा मिनिटांत लॉगमध्ये टकटक सुरू.
कुठल्या देशातले, कोण, माहीत नाही,
रूट म्हणून पाहतात, ॲडमिन म्हणून पाहतात,
एक दोन तीन चार लावून पाहतात.
मी घाईनं पासवर्ड बदलायला बसलो.
काकूला सांगितलं, लोक दार ठोठावतात.
ती घाबरली नाही.
"कोतवाल होय ते. फांदी दिसली का बसतेच.
तुह्याजवळ गुलेल हाय ना? मंग झालं."
नवा पासवर्ड तिनंच सांगितला. तो इथं लिहीत नाही.

चार दिवसांनी वायरचे पैसे घ्यायला गेलो.
काकू यायची होती अजून.
लोकचंद मचाणावर, गळ्यात गुलेल, डोळे लाल.
"पाच वाजून नऊ मिन्टाले फोन येते बुवा.
ऊठ, दुसऱ्या फांदीवर पाखरू बसलं. रोज!"

सवयीनं लॉग उघडला.
ठोठावून गेलेल्यांच्या रांगेत
एकच पत्ता आत आलेला, पुन्हा पुन्हा.
पहाटे पाच नऊ, बरोबर.
दुपारी दोनदा.
अन् ऑपरेशनच्या रात्री
दीड वाजता, पंचेचाळीस मिनिटं.
मग अडीचला. मग सव्वातीनला.

हा स्वस्तातला कॅमेरा आहे.
रात्री त्याच्यात काळोखाशिवाय काही दिसत नाही.

लोकचंदनं विचारलं, काय लिहिलंय त्याच्यात.
म्हटलं, काही नाही, सगळं बरोबर चालू आहे.
पोलक्याचा तुकडा झटकून
राउटरवर पुन्हा पांघरला.